रिकाम्या खुर्चीचं माप

प्रिय भिंगरी,

रंगाच्या उलट्या डब्यावर बसून, मांडीवर उरलेली फरशी ठेवून हे लिहितोय, तेव्हा अक्षर तिरकं गेलं तर तुझ्या शाळेतल्या पोरांसारखे माझे मार्क कापू नकोस. तुझ्या आईला वाटतंय, येताना काय काय आणायचं ते मी तुला कळवतोय. तिने मघाशी डोकावून चहाची पूड आणि गुडघ्याचं मलम लिहायला सांगितलं, म्हणून ते आधी लिहून मोकळा होतो : चहाची पूड, गुडघ्याचं मलम. झालं. आता माझं सुरू.

काम संपलं, ही पहिली बातमी. सुतार, नळवाला, फरशीवाला, सगळे आपापला बाडबिस्तरा आवरून गेले. धूळ तेवढी राहिली. ती कपबशीत आहे, पांघरुणात आहे, तुझ्या आईच्या भुवयांत आहे. आई म्हणते, आता अंगावर पाणी घेतलं तर आपण दोघं जागच्या जागी सिमेंटसारखे घट्ट होऊ. तळमजल्यावरच्या म्हाताऱ्या बाई, ज्यांना तू लहानपणी चौकशी खिडकी म्हणायचीस, त्या अजून तशाच खिडकीत बसलेल्या असतात. आम्ही जिन्याने चढलो की मान बाहेर, उतरलो की मान बाहेर. इथली भाषा आम्हाला येत नाही, त्यांना आमची येत नाही, तरी रोज पाचदहा मिनिटं एकमेकांना काहीतरी सांगतो आणि समाधानाने वेगळे होतो. परवा त्यांनी दोन्ही हातांनी हवेत चाकं फिरवून दाखवली आणि भुवया उंचावल्या. म्हणजे, ती कधी येणार? मी बोटांनी दाखवलं, लवकरच. दाखवताना माझी बोटं नीट हलत नव्हती. का ते पुढे येईलच.

ही जागा मी कधी विकत घेतली नसती हे तुला माहीत आहे. शाळेचे गणवेश आणि लग्नाचे सूट शिवणाऱ्या माणसाला परदेशात समुद्राजवळ सुट्टीचं घर कुठून असणार? आईच्या मावशीने इथल्या इस्पितळात आयुष्य काढलं, मागे कुणी नव्हतं, म्हणून जाताना तिने ही दोन खोल्यांची पेटी भाचीच्या नावाने केली. मी तेव्हा म्हणालो होतो, एवढ्या लांब कुलूप लावायला कोण जाणार. आणि मग दर सुट्टीत सगळ्यात आधी बॅग मीच भरायचो. तू इथेच पोहायला शिकलीस. मी किनाऱ्यावर चपला सांभाळत बसायचो आणि तुझं डोकं पाण्यात दिसेनासं झालं की उभा राहायचो, दिसलं की बसायचो. आई म्हणायची, अहो, पोहतेय ती आणि व्यायाम तुमचा होतोय.

तुझ्या अपघातानंतर आपण कुणीच इथे आलो नाही. कसं येणार? मोरीत तो उंच काठाचा टब, बाल्कनीला वीतभर उंबरा, ओटा तुझ्या नाकाच्या रेषेत. आणि तुझी अट. ती तू नुसती बोलली नाहीस, करूनच दाखवलीस. वर्कशॉपात जाऊन खुर्चीच्या मागच्या दोन्ही मुठी कापून आणल्यास आणि आमच्यासमोर चहाच्या टेबलावर ठेवल्यास. म्हणालीस, यापुढे मला मागून कुणी हात लावायचा नाही, जिथे माझे हात मला नेतील तिथे मी जाईन, नाही तिथे जाणार नाही. आई स्वयंपाकघरात निघून गेली. मी त्या मुठी उचलून बघत बसलो, काप किती सरळ आलाय ते. दुसरं काही सुचलं नाही म्हणून. पण तुझं म्हणणं माझ्या डोक्यात पक्कं बसलं. तेव्हापासून तू कुठल्या लग्नाला आली नाहीस, कुठल्या बारशाला नाहीस, आमच्या घरी तर पायऱ्यांमुळे नाहीसच. लोक म्हणतात, फार ताठ आहे तुमची मुलगी. मी म्हणतो, असू दे. पण भिंगरी, खरं सांगतो, तू आमच्याकडे राहायला येत नाहीस याचा मला फार त्रास होतो. आम्ही तुझ्याकडे पाहुण्यासारखे येतो, चार दिवस राहतो, तू उलट आमचीच सरबराई करतेस, आणि परतताना आई गाडीत खिडकीकडे तोंड करून बसते. तुला आमच्या हातचं खाऊ घालून आमच्या छपराखाली चार दिवस ठेवून घ्यावं, एवढंच आम्हाला हवं होतं. राहतं घर चार पायऱ्यांवर अडलेलं. मग आईच्याच डोक्यात आलं की हे घर आहे की. लिफ्ट चांगली ऐसपैस आहे. किनाऱ्यावर आता पाण्यापर्यंत फळ्यांचा रस्ता केलाय. आतून तेवढं बदलून घ्यायचं.

तुला आधी सांगायचं नाही असं ठरवलं. सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, कशाला उगाच खटाटोप. म्हणून गेल्या खेपेला तुझ्याकडे आलो तेव्हा मी चोरून माप घेतलं. तू अंघोळीच्या खुर्चीवरून मोरीत गेली होतीस, रोजची खुर्ची दाराबाहेर उभी होती. शिलाई सुटली, टेप गळ्यातून गेली, तरी खिशातून गेलेली नाही. रुंदी घेतली, चाकांच्या बाहेरून बाहेरपर्यंत. लांबी घेतली पायाच्या पाटीसकट. उंची घेतली. कडी वाजली तशी टेप खिशात. तू विचारलंस, बाबा, चोरासारखे का उभे आहात? मी म्हणालो, एक स्क्रू ढिला वाटला. तू म्हणालीस, खुर्चीचा की तुमचा?

इथे आल्यावर त्या मापाचा मी पुठ्ठ्याचा नमुना बेतला. आत लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, बाहेरून पुठ्ठा, रुंदी अगदी केसभर इकडेतिकडे नाही. आईने त्याचं नाव ठेवलं पाहुणा. मग काय, दिवसभर तेच. पाहुण्याला मोरी दाखवली का, पाहुणा बाल्कनीत अडकतोय, पाहुण्याला जरा बाजूला करा मला केर काढायचाय. कुठलीही भिंत, कुठलंही दार, आधी पाहुणा जाऊन यायचा आणि मग कामगार हात लावायचे.

कामाचा मुकादम म्हणजे एक वल्ली. त्याला आम्ही होयबा म्हणतो. काहीही सांगा, त्याची मान वरखाली. टब काढायचा, होय. उतार जाळीकडे पाहिजे, होय. फरशी घसरती नको, होय. आणि आणली घसरतीच. मी तिच्यावर पाणी ओतलं, मोजे घालून उभा राहिलो आणि त्याच्यासमोर नीट घसरून दाखवलं. तेव्हा खरी मान हलली. फरशी बदलून आली. बाल्कनीचा उंबरा काढला. विजेची बटणं खाली घेतली. ओटा कापून तुझ्या बसल्या उंचीला आणला, आणि त्या दिवसापासून तुझी आई स्टुलावर बसून स्वयंपाक करते. उभं राहिलं की कंबर धरते. मी म्हणालो, तुला त्रास होतोय. ती म्हणाली, लेक येईपर्यंत सवय करते, नाहीतर ती ओट्याशी आणि मी तिच्या शेजारी वाकून, असं बरं दिसत नाही.

सगळ्यात नाकीनऊ आणले बोळाने. आठवतो ना, दारातून आत आल्यावरचा लांब बोळ, जिथे तू दोन्ही भिंतींना पाय लावून छतापर्यंत चढायचीस आणि आई खालून ओरडायची? त्या बोळातूनच खोलीत जायचं, मोरीत जायचं, बाल्कनीकडे जायचं, दुसरी वाट नाही. चपलांचं भिंतीतलं कपाट फोडलं. जुना गिलावा खरवडून पातळ हाताने नवा केला. वळणावरचा कोपरा गोल केला. आणि शेवटी पाहुणा आत गेला. दोन्ही बाजूंना जेमतेम बोटभर जागा. मी त्याला दारापासून बाल्कनीपर्यंत नेला आणि परत आणला, कुठे घासला नाही. तुला सांगू, इतका आनंद मला कुठल्याच सुटाच्या फिटिंगला झाला नव्हता. गिऱ्हाइकाचं अंग वाढेल म्हणून मी जन्मभर प्रत्येक शिवणीत जादा कापडाची माया सोडत आलो. इथे म्हटलं, बघ, बोटभर सोडून सगळं बेतशीर बसवलं.

होयबा मात्र त्या दिवशी मान हलवेना. पाहुण्याच्या शेजारी उभा राहिला, दोन्ही कोपरं बाहेर काढली आणि कोंबडीसारखे हात फडफडवायला लागला. पुन्हा पुन्हा. आम्हाला वाटलं, जेवायला काय खाणार ते सांगतोय. आई हसून म्हणाली, खा बाबा, तुझं काम झालंय, कोंबडीच खा. त्याने हात खाली घेतले आणि मान हलवली, वरखाली. नेहमीसारखी.

त्याच दिवशी आम्ही तुला फोन केला. तुझ्या आईला तर धीरच नव्हता, माझ्या हातातून फोन ओढून तिनेच सगळं ओकून टाकलं. तू आधी रागावलीस, मग मला फोन द्यायला सांगितलास. म्हणालीस, बाबा, खरं सांगा, मला कुणी ढकलावं लागणार नाही ना? मी म्हणालो, तुझ्या बापाने माप घेतलंय. मग म्हणालीस, पोहायचा पोशाख जुना झालाय, नवा घ्यावा लागेल. त्या एका वाक्यावर आम्ही दोघांनी दिवस काढले. आई भाजी चिरताना मधेच थांबायची आणि म्हणायची, कुठल्या रंगाचा घेतला असेल हो?

तू तिकीट काढल्याचं कळवलंस आणि मला ट्रायल घ्यायची हुक्की आली. नमुना तो नमुना, अंगावर चढवून बघितल्याशिवाय कपडा गिऱ्हाइकाला द्यायचा नाही, हा माझा नेम तुला ठाऊक आहे. कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात चाकाच्या खुर्च्या भाड्याने मिळतात. तुझ्या मापाची एक निवडून आणली. आई दुपारची ओट्याशी होती. मी दारात खुर्चीत बसलो आणि ठरवलं, बाल्कनीपर्यंत पोचल्याशिवाय उठायचं नाही. दोन्ही हातांनी चाकं धरली आणि बोळात शिरलो.

पुढचं लिहायला हात उचलत नाही, पण लिहितो. पहिल्याच रेट्यात माझी दोन्ही हातांची बोटं भिंत आणि चाक यांच्या मधे सापडली. सालटी निघाली. मी बोटं आत घेऊन वरून टायर धरायला बघितलं, तर कोपरं भिंतीला. कोपरं अंगाशी घेतली, तर हाताला जोर लागेना. दारातून तू चौकट धरून स्वतःला ओढून घेतेस, ते मी बघितलंय, पण बोळात धरायला काय आहे? मीच तर भिंती गुळगुळीत करून घेतल्या. कसाबसा मधोमध आलो आणि अडकलो. पुढे नाही, मागे नाही. भिंगरी, मी तुझ्या खुर्चीचं माप घेतलं, तुझं घेतलं नाही. तुझे हात चाकांवर असतात, तुझी कोपरं दोन्हीकडे बाहेर येतात, हे मी रोज डोळ्यांनी बघितलेलं आहे. ज्याने आयुष्यभर हँगरवरच्या कपड्याचं नाही तर माणसाचं माप घेतलं, दम्याच्या माणसाला छाती फुगवायला लावून मग टेप ओढली, त्याने स्वतःच्या मुलीच्या वेळी रिकामी खुर्ची मोजली. होयबा कोंबडी खायला जात नव्हता. तो मला तुझे हात दाखवत होता.

मला उठता आलं असतं. उठलो नाही. ठरवलं होतं म्हणून. शेवटी हाक मारली, अगं, जरा ढकल. ती पिठाचे हात पुसत आली, मला तसं बघून आधी हसली आणि मग माझे हात बघून हसू थांबलं. तिने मागून धरलं. मी हात मांडीवर घेतले, दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. बोळ एवढासा, पण ती ढकलत असताना मला ते सहन होईना. भिंत आपोआप मागे जात होती. केव्हा थांबायचं तेही माझ्या हातात नव्हतं. बाल्कनीत तिने मला समुद्राकडे तोंड करून ठेवलं, चांगल्या मनाने ठेवलं, आणि मला त्या क्षणी समुद्र अजिबात बघायचा नव्हता, पण तोंड तिकडे होतं. मुठी तू का कापल्यास ते तेव्हा कळलं. इतकी वर्षं नुसतं पाठ होतं.

मग धावपळ केली, ती सगळी फुकट गेली. होयबाला बोलावला. त्याने यावेळी हो म्हटलं नाही, दोन्ही तळहात भिंतीला टेकवून उभा राहिला. एकीकडची भिंत अख्ख्या इमारतीचा भार घेते, दुसरीकडची भिंत शेजाऱ्याची. इमारतीचा इंजिनिअर आला, बोटाने टकटक करून गेला. नाही म्हणजे नाही. गिलावा पुरता काढून बघू म्हटलं, तर आत कुठे जागा नाही, आपण होता नव्हता तो आधीच काढलेला. तुझ्या खुर्चीहून अरुंद खुर्ची मिळते का ते शोधलं, पण तुझी तुझ्या पाठीच्या मापाने बनवलेली, ती सोडून दुसरीत बसलीस तर तुझी पाठ धरते, हे मला माहीत आहे. तुला बाहेरून बाल्कनीत चढवता येईल का हे हातवाऱ्यांनी विचारून मी चौकशी खिडकीलाही हसवलं. भाड्याची जागा बघावी म्हटलं तर सुट्टीत इथे सगळं आधीच भरलेलं. आता बोळात पाऊल टाकलं की माझा हात भिंतीवर जातो, जणू रोज दाबून ती मागे सरकेल. आई स्टुलावर बसून तुझ्या उंचीच्या ओट्यावर स्वयंपाक करते आणि दोन घास खाऊन उठते. एकदाच म्हणाली, मास्तर, चुकलं हो आपलं. माझं चुकलं म्हणाली नाही आणि तुमचंही म्हणाली नाही. त्याने मला जास्तच रडू आलं.

हे सगळं फोनवर सांगायला मी दोनदा नंबर लावला आणि दोनदा ठेवला. तू फोन उचलतेस, बाबा, काय झालं, म्हणतेस, आणि काहीही झालेलं असलं तरी तुझं पुढचं बोलणं ठरलेलं : असू द्या हो, त्यात काय. ते मला नको आहे. आईचं म्हणणं, कळवायचं कशाला, येऊ दे तिला, ती बघेल, समजून घेईल, एक शब्द बोलणार नाही. आई तुला बरोबर ओळखते. तू खरंच बोलणार नाहीस. लिफ्टचं दार उघडेल, आम्ही दोघं समोर उभे असू, तू एकदा बोळाकडे बघशील, एकदा आमच्या तोंडांकडे, आणि चाकांवरचे हात उचलून मांडीवर ठेवशील. वर हसून म्हणशील, ढकला. आणि मी ढकलीन, कारण तिथे दुसरं काहीच करता येणार नाही. म्हणून हे पत्र, आणि उद्या सकाळी कुरियरने, म्हणजे तू निघायच्या आत पोचेल. आम्ही समोर नसताना वाच. ये असं लिहायला मला तोंड नाही आणि येऊ नकोस असं लिहायला हात धजत नाही. नाही म्हणायचं असेल तर तिथूनच म्हण, चिडून म्हण, फोन आपटून म्हण, आईला मी सांभाळीन. पण आत्ताच म्हण, भिंगरी. आमच्या दारात आल्यावर तुला नाही म्हणता येणार नाही.

तुझाच, काय करावं ते न सुचलेला,
बाबा